दाजी, बॉनेट मी कापलं

दाजी,

पिंकीनं मला तुमच्यावर लिहायला सांगितलंय. तुमच्या महिन्याच्या श्राद्धाला घरातली घरातलीच माणसं बसणार आहेत, तेव्हा ज्यानं त्यानं दोन शब्द बोलायचे असं तिनं ठरवलंय. मला बोलता येत नाही हे तिला माहितीय. मी बोलायला लागलो की एकतर भांडण होतं, नाहीतर मी रडतो. म्हणून म्हणाली, "मामा, तुम्ही लिहून आणा. आणि बॉनेटचं नक्की लिहा हं. बाबांची शेवटची इच्छा तुम्ही कशी पूर्ण केली ते."

झालं. तेव्हापासून कागद समोर घेऊन बसलोय आणि मान वर होत नाही. कारण ती तुमची शेवटची इच्छा नव्हतीच. तुम्हाला माहितीय, मला माहितीय, ताईला माहितीय. फक्त पिंकीला माहिती नाही. आणि तिच्या तोंडून आता अख्ख्या पुंडलिकनगरला भलतंच माहिती झालंय. आता तुमच्या लेकीसमोर बसून मी काय वाचू?

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी तुम्हाला पहिल्यांदा बघितलं. पाणीपुरवठ्यातले इंजिनिअर, पांढरा शर्ट, खिशाला पेन. मी घरी येऊन आईला म्हणालो होतो, हा माणूस स्क्रू पिळायच्या आधीसुद्धा वरच्या ऑफिसला विचारील. आणि मी असला, दहावीनंतर आयटीआय, मग चितेगावच्या कंपन्यांचं जॉबवर्क करणारा टर्नर. मेव्हणा म्हणून तुम्ही मला सहन केलं असतं तरी पुष्कळ होतं. तुम्ही तर दर रविवारी माझ्या वर्कशॉपवर यायला लागलात. "पाव्हणं, चालू द्या तुमचं, मी नुसता बसतो," म्हणायचे, आणि बसायचे ते लेथच्या इतकं जवळ की मला बुरादा उडायची भीती वाटायची.

मग एका रविवारी तुम्ही मला कन्नडकडं घेऊन गेलात. कुठं, कशाला, काही सांगितलं नाही. एका शेतात कडब्याच्या गंजीखाली ती कॉन्टेसा उभी होती. लांबलचक नाकाची, रुंद छातीची, आपल्याकडची एका जमान्यातली पैलवान गाडी. चाकं जमिनीत गेलेली. मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसलेली, आणि तुम्ही तिला म्हणालात, "बाई, उठता का जरा?" मी तिथंच बांधावर बसून हसलो. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही बॉनेटवरचा कडबा हातानं बाजूला करत होता. पांढरा रंग दिसला तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा होता.

जुनं इंजिन जाम झालेलं, त्यात काही राम नव्हता. तुम्हाला गाडी नुसती उभी करायची नव्हती, कन्नडच्या घाटातनं पळवायची होती. म्हणून ठरलं, अंग जुनंच ठेवायचं आणि आत नव्या जमान्याचं इंजिन घालायचं. मागनं चेपलेल्या एका नवीन गाडीचं टर्बो इंजिन मी भंगारातनं उचललं, गिअरबॉक्स आणि कॉम्प्युटरसकट. त्याच्या वायरींचा गुंता बघून तुम्ही म्हणालात, "ह्याच्यापेक्षा आमची पाइपलाइन बरी." ताईनं तर गाडीचं नावच ठेवलं, सवत. "जा, सवत वाट बघत असंल," म्हणायची आणि तुमच्याजवळ डबा द्यायची. डब्यात माझीही भाकरी असायची.

तुमचं काम बत्ती धरायचं. आणि दाजी, आज तुम्ही नाहीत म्हणून खोटं कशाला बोलू, बत्ती तुम्हाला कधीच धरता आली नाही. मी नट शोधतोय चाकामागं आणि उजेड पडलाय डॅशबोर्डवर, कारण तुमची नजर तिथं. "दाजी, बत्ती माझ्या हातावर धरा, तुमच्या विचारावर नको!" मी किती वेळा ओरडलो असेन. तुम्ही "सॉरी, सॉरी पाव्हणं" म्हणायचे, अन् परत उजेड आपला तिकडंच.

इंजिन पहिल्यांदा चालू झालं तो रविवार मात्र मी विसरणार नाही. सायलेन्सर बसवला नव्हता. असला आवाज झाला की शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं हातातलं काम टाकलं आणि पळत आला. तुम्ही माझे ग्रीसनं बरबटलेले दोन्ही हात धरले आणि स्वतःच्या कपाळाला लावले. वयानं मोठा माणूस, मानाचा माणूस, आमचा दाजी! मी हात ओढून घेतले आणि म्हणालो, "येडे का काय तुम्ही?" तुमच्या कपाळावर काळं राहिलं ते तुम्ही पुसलं नाही, तसेच घरी गेलात. तेव्हा मी नीट दोन शब्द बोलायला पाहिजे होते. मला आनंद झाला होता, दाजी. एवढी इज्जत मला कुणीच दिली नव्हती.

आणि मग ते बॉनेट.

नवीन इंजिन अंगानं उंच. बॉनेट लावायला गेलो तर दीड इंच वर राहायचं. दोनच रस्ते होते. बॉनेटला मधोमध भोक पाडायचं आणि वर पत्र्याचा फुगवटा बसवायचा. नाहीतर इंजिनच खाली बसवायचं, म्हणजे खालचं ऑइलचं भांडं कापून उथळ करायचं, त्याच्या आतली तेल उचलायची नळी बदलायची, ज्या आडव्या तुळईवर इंजिन बसतं ती नव्यानं करायची. मी म्हणालो, फुगवटा. तुम्ही म्हणालात, सपाट. बाकी सगळी गाडी तयार, पांढराशुभ्र रंग मारलेला, चितेगावच्या आतल्या रस्त्यावर चक्कर मारून झालेली. आणि बॉनेटवर आपण दोघं अडलो.

तुम्ही कारण सांगितलं होतं. कन्नडच्या बाजारात तुमची माय भाजी विकायची. कारखान्याच्या चेअरमनची पांढरी कॉन्टेसा बाजारातनं जायची तेव्हा तुम्ही तिच्यामागं पळायचे. एकदा ती तुमच्या मायच्या पालासमोर थांबली. ड्रायव्हरनं कोथिंबीर घेतली आणि पिशवी आणायला मागं गेला, जाताना ओल्या जुड्या बॉनेटवर ठेवून गेला. तुमची माय घाबरली. एवढ्या मोठ्या माणसाची गाडी, तिच्यावर आपल्या भाजीचं पाणी! पदरानं पुसायला धावली. तर चेअरमन काच खाली करून म्हणाले, "राहू द्या मावशी, भाजीच हाय." तुम्ही मला हे सांगताना रडत नव्हता, उलट ऐटीत सांगत होता. "पाव्हणं, माझ्या मायची कोथिंबीर होती त्या बॉनेटवर. आरामात बसली होती. फुगवटा असता तर घसरली असती."

मी हसलो. फिदीफिदी हसलो. म्हणालो, "दाजी, आपण टर्बो गाडी बनवतोय का भाजीचा हातगाडा?" तुम्हीसुद्धा हसलात. पण तुम्ही हसलात ते मला वाईट वाटू नये म्हणून, हे मला तेव्हाही कळलं होतं.

शेवटच्या रविवारी मी तापलो. मी म्हणालो, "खालचं सगळं उघडायचं म्हणजे दोन महिन्यांचं काम आहे. तुम्हाला काय, तुम्ही बत्ती धरायची. काम माझं आहे. आत एवढं इंजिन बसवलं ते माझं काम कुणाला दिसायला नको का?" तुम्ही डबा पिशवीत घालत होता. म्हणालात, "दिसंल की, पाव्हणं. मी सांगत फिरंन ना सगळ्यांना." आणि गाडीच्या छतावर थाप मारून म्हणालात, "पुढच्या रविवारी बोलू. तवर डोकं थंड करा."

त्याच गुरुवारी ताईचा फोन आला. ऑफिसला निघताना चप्पल घालायला वाकलात ते उठलाच नाहीत. पुढचं काय लिहू, सगळ्यांनीच बघितलंय.

मी लिहितोय ते कुणीच बघितलेलं नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडली, पैठणला नेऊन गोदावरीत सोडली. परत येताना चितेगाव लागलं तसा मी जीपवाल्याला म्हणालो, थांब, वर्कशॉपवर जरा बघून येतो. सगळ्यांना वाटलं, मला, बाळासाहेबाला, एकटं बसून रडायचंय. तुमच्या थोरल्या भावानं माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्या पँटचे पाय अजून नदीच्या पाण्यानं ओले होते.

मी रडायला गेलो नव्हतो, दाजी. शटर अर्धं खाली ओढलं, बॉनेट लोखंडी घोडीवर घेतलं, खडूनं चौकोन आखला आणि ग्राइंडर लावला. डोक्यात एकच होतं, आता कोण अडवणार आहे? दुःखात माणसाला भान राहत नाही असं म्हणतात. मला पुरेपूर भान होतं. कड वाकडी जाऊ नये म्हणून मी श्वास रोखून कापत होतो. मोबाइलची बत्ती मडगार्डवर टेकवून ठेवली होती, ती जराही हलत नव्हती. काम झकास झालं. नंतर दोन दिवसांत फुगवटा ठोकून वेल्ड मारला, पुट्टी भरली, रंग मारला. खरं सांगू? भारी दिसतंय. गाडी उभी असली तरी धावल्यासारखी वाटते. तुमच्या घरी सुतक होतं, ताई भिंतीला टेकून बसली होती, आणि मी इथं लांब जाऊन, मान वाकडी करून माझा फुगवटा बघत उभा होतो. याची एवढी लाज वाटतेय की आरशात दाढी करताना मी स्वतःकडं बघत नाही.

पिंकी आली ती त्यानंतर. पुण्याहून आल्यापासून पोरगी घरातनं बाहेर पडली नव्हती. म्हणाली, "मामा, मला बाबांच्या गाडीत बसायचंय थोडा वेळ." आली आणि बॉनेटसमोर थबकली. "मामा, तुमचं आणि बाबांचं ह्याच्यावरनं काहीतरी चाललं होतं ना?"

तेव्हा खरं बोलायला किती वेळ लागला असता? पण माझ्या तोंडातनं निघालं, "मिटलं ते. शेवटच्या रविवारी त्यांनीच सांगितलं, कापा म्हणून."

तिनं फुगवट्यावर हात ठेवला आणि हमसून हमसून रडली. म्हणाली, "बरं झालं मामा. मला तीच काळजी होती. तुमचं भांडण राहिलं नाही." आणि माझ्या गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवरनं हात फिरवला. त्याच हातांनी, दाजी.

नंतर तिनं सगळ्यांना सांगितलं. तिला वाटलं, मामाचं कौतुक व्हावं. तेराव्याला प्रवचनाला आलेल्या महाराजांच्या कानावर कुणीतरी घातलं, आणि त्यांनी माइकवरनं सांगितलं, "जाणाऱ्याचा शब्द जमिनीवर पडू दिला नाही. मेव्हणा असावा तर असा!" मंडपातली सगळी माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली. मी काय केलं माहितीय? हात जोडले. धरणी पोटात घेईना, म्हणून हात जोडले आणि खाली मान घालून बसलो. लोकांना वाटलं, काय नम्र माणूस आहे.

तुम्ही "सांगत फिरंन" म्हणाला होता ना? बघा, तुम्ही गेल्यावर तुमच्या नावानं माझं काम सांगत फिरायला मीच तुम्हाला लावलं. हयातीत तुम्ही माझ्या बाजूनं झाला नाहीत, म्हणून मेल्यावर तुम्हाला ओढून घेतलं. उलटून "नाय" म्हणायला तुम्ही नाहीत.

ताई एवढे दिवस काही बोलली नव्हती. तेराव्यानंतर दुखवटा सोडायला तिला माहेरी आणायचं होतं. भावानं जाऊन बहिणीला आणायची रीत. मी कॉन्टेसाच घेऊन गेलो. बायको म्हणाली होती, जुनी व्हॅन न्या. मी ऐकलं नाही. मला वाटलं, ताई एकदा ह्या गाडीत बसली की झालं, मग सगळं आपोआप जागेवर बसेल.

ताई दारातनं बाहेर आली आणि पायरीवर थांबली. तिची नजर बॉनेटवर. तिच्या थोरल्या जाऊबाई मागं उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "सुनंदा, आमचे भाऊजी तर सपाट, सपाट करत होते की गं? खरंच त्यांनीच कापायला सांगितलं व्हय?" पिंकी तिथंच, गल्लीतल्या चार बायका तिथंच.

ताई म्हणाली, "व्हय. शेवटी शेवटी म्हणले होते, बाळ्याच्या मनासारखं होऊ द्या."

दाजी, कपाळ मोकळं झालेली माझी बहीण. नवरा जाऊन महिना नाही झाला. ती तिच्या सासरच्या दारात, तिच्या लेकीसमोर, तुमच्या नावानं खोटं बोलली. माहेरची अब्रू जाऊ नये म्हणून. माझी अब्रू.

पैठण रोडला लागलो. मी इंजिनचं काहीतरी बोलायला गेलो, माझा आवाज मलाच सहन होईना. चितेगावच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला भाजीवाली बसली होती. ताई म्हणाली, "थांबीव." मी थांबवली. ती उतरली, कोथिंबिरीची एक जुडी घेतली. भाजीवालीनं पाणी मारून ओली ठेवलेली. ताई गाडीच्या पुढं आली आणि ती जुडी तिनं बॉनेटच्या मधोमध ठेवली. माझ्याकडं काचेतनं बघत राहिली.

जुडी फुगवट्यावर क्षणभर टिकली. मग घसरली, उतारावरनं पुढं गेली आणि रस्त्यावर मातीत पडली.

"अवं बाई, पडली की!" भाजीवाली म्हणाली.

ताईनं वाकून जुडी उचलली, झटकली, गाडीत येऊन बसली. जुडी मांडीवर. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. ती म्हणाली, "तुला माहिती होतं ना रे?" मी मान हलवली. "मग बरं. मला वाटलं, त्यांनी तुला सांगितलंच नव्हतं का काय." आणि जुडीवरची माती पुसत, "बाळ्या, मी एकदा खोटं बोलले. पुन्हा न्हाई बोलायची. पिंकीला तू सांग."

ती शिवी देती तर बरं झालं असतं. लहानपणी कान धरून चौकात उभं करायची, तसं केलं असतं तरी चाललं असतं. ती कोथिंबीर बायकोनं दुखवट्याच्या वरणात घातली. ताई जेवली. भावानं जेवायचं असतं म्हणून मीही जेवलो.

त्यानंतरच्या रविवारी मी गाडी उचलून खालनं सगळं उघडलं. ऑइलचं भांडं कापून उथळ केलं, नळी वाकवली, तुळई नव्यानं केली. दोन महिन्यांचं काम म्हणत होतो ना? जॉबवर्क सांभाळून दोन आठवडेही लागले नाहीत. इंजिन बरोबर खाली बसतंय, दाजी. दीड इंच काय, वर बोटभर जागासुद्धा राहतीय. तुम्ही माझं ऐकून रविवारमागून रविवार गप्प बसत होता, आणि मी ते काम होतं त्याच्यापेक्षा अवघड करून सांगत होतो, मला फुगवटा पाहिजे म्हणून. सपाट बॉनेट अजून मिळालं नाही. जालन्याच्या भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, मालेगावलाही एकानं बघतो म्हटलंय. सापडेल. नाही सापडलं तर पत्रा ठोकून मी स्वतः करीन, जमेल तसं.

खाली झोपून काम करताना परवा सवयीनं ओरडलो, "दाजी, बत्ती इकडं!" मग तसाच पडून राहिलो. शेजारचा वेल्डिंगवाला डोकावून विचारत होता, काय झालं शेठ? मी म्हणालो, डोळ्यात बुरादा गेला.

उद्या तुमचं महिन्याचं आहे. गाडी मी दारात आणून लावणार आहे, हेच कापलेलं बॉनेट लावून. दुसरं मिळेपर्यंत ते झाकायचं नाही असं ठरवलंय. हा कागद मी वाचणार नाही, माझ्याच्यानं होणार नाही. पिंकीच्या हातात देईन आणि तिला सांगेन, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. जाऊबाई असतील, तुमचे भाऊ असतील, असू देत. ती मला पुन्हा मामा म्हणेल की नाही, कुणास ठाऊक. त्या दिवशी ती माझ्या गळ्यात पडून "बरं झालं" म्हणाली होती. पोरीच्या मनाला तेवढाच एक आधार होता, तोही मी उद्या काढून घेणार. पण तो शब्द तिच्या बापाचा नव्हता, माझ्या तोंडचा होता.

पिंकी, इथपर्यंत वाचलंस ना? आमचं भांडण मिटलं नव्हतं, बाळा. राहिलंय ते. आणि त्यात तुझ्या बाबांचं बरोबर होतं.